हनुवटीचं माप

त्या दुकानात बोर्ड माणसाच्या मापाचा देत नाहीत. माणूस बोर्डाच्या मापाचा करून देतात. पुण्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही, कारण गिऱ्हाईक बाहेर पडतं तेव्हा वस्तू त्याला बेतून शिवल्यासारखी बसलेली असते. वृंदा ठोसरलाही हे माहीत होतं. पण 'मला कोण हात लावतंय' अशा तोऱ्यात ती आत गेली.

तोरा उगाच नव्हता, हेही सांगायला हवं. वय त्रेचाळीस, उंची पाच फूट सात इंच, आणि गुलमर्गच्या बर्फावर काढलेले सतरा हिवाळे. दोन्ही पाय एकाच फळीला बांधायचे, आडवं उभं राहायचं आणि डोंगर उतरायचा, हे स्नोबोर्डचं काम ती झोपेतही करू शकली असती. पहिले तीन हिवाळे तिचे पडण्यात गेले, पुढचे चौदा दुसऱ्यांना उभं करण्यात. यंदा बारा जणांची तुकडी डोंगराच्या अगदी माथ्यावरून खाली आणायचं काम तिला मिळालं होतं. इतकी वर्षं ते काम कुणा ना कुणा पुरुषाकडे जायचं, आणि ही दात-ओठ खात खालच्या उतारावर नवशिक्यांची ढुंगणं बर्फातून उचलत बसायची.

आणि नेमका आता बोर्ड गेला. मागच्या मार्चमध्ये खडकाला घासला, पोलादी कड सुटली, आत पाणी शिरलं आणि लाकूड फुगलं. बाहेरून मागवलेला नवा कुठल्याशा गोदामात अडकून पडला. जम्मूची गाडी संध्याकाळची होती. भर दुपारी बारा वाजता वृंदा पाठीवर सॅक घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढली, कारण बर्फाचं सामान ठेवणारं दुसरं दुकान शहरात नव्हतंच.

आत बर्फ पडत होता. बारीक, भुरभुर, पंख्याच्या बाजूने. काउंटरमागे मुळ्ये बसले होते. साठीचे गृहस्थ, कानावर पेन्सिल, बिनबाह्यांचा स्वेटर. त्यांनी कॅटलॉगवर प्लॅस्टिक अंथरलं होतं आणि मधूनमधून ते तळहाताने झाडत होते.

"या मॅडम. मुलासाठी बघताय की मुलीसाठी?"

"माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी?" मुळ्यांनी तिच्या मागे, दाराकडे पाहिलं. "मिस्टर गाडी लावतायत का?"

"मिस्टर ऑफिसात आहेत. एकशे छप्पन सेंटिमीटरचा बोर्ड दाखवा. मध्ये कडक, टोकांना जरा लवचीक. वर यंदा बर्फ खोल आहे."

मुळ्ये हसले. लहान मुलानं दुकानात येऊन खराखुरा ट्रॅक्टर मागावा, तेव्हा मोठी माणसं हसतात तसे. मग त्यांनी काउंटरखालून एक गुलाबी बोर्ड काढला. त्यावर जास्वंदीची फुलं रंगवली होती.

"लेडीजमध्ये एकशे एकतीसच येतो."

"अहो, तो चौथीतल्या पोराला होतो."

"लेडीजलाही होतो. बसवून देतो ना आम्ही."

"आणि तो काय आहे मग?" वृंदाने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीला टेकून एक काळा बोर्ड उभा होता. एकशे छप्पनचा. लांबूनच तिला त्याची वळणं कळली, हात लावायचीही गरज नव्हती. असा बोर्ड मिळाला तर माथ्यावरून खाली येणं म्हणजे नुसती चैन.

"तो एकच आहे, आणि तो सरांना ठेवलाय."

सर आरशासमोर उभे होते. निनाद कुंभोजकर, पस्तिशीचे, कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. हेल्मेट घालून ते स्वतःला डावीकडून आणि उजवीकडून बघत होते. उंचीनं पाच फूट तीन. काळा बोर्ड शेजारी उभा केला तर कपाळ ओलांडून त्यांच्या केसांपर्यंत आला असता.

"कितवा हिवाळा तुमचा?" वृंदाने त्यांना विचारलं.

"पहिलाच," ते आनंदाने म्हणाले. "बर्फ म्हणाल तर फ्रिजमधला सोडून आजच बघतोय. पण व्हिडिओ प्रचंड पाहिलेत. ताई, एक सांगू का? रागावू नका. सुरुवातीला लांब बोर्डाच्या फंदात पडू नये."

आता सांगा, हे ऐकून कुणाचं डोकं फिरणार नाही? वृंदाचं फिरलंच. पण तिला बोर्ड हवा होता आणि गाडी गाठायची होती, म्हणून तिने कुंभोजकरांकडे पाठ केली आणि मुळ्यांना शांतपणे, म्हणजे तिच्या मानाने शांतपणे, समजावून सांगितलं.

"मुळ्ये, बोर्ड वजनावर घेतात. माझं वजन अडुसष्ट किलो, पाठीवरचं सामान धरून सत्त्याहत्तर. तुमचा हा गुलाबी पाट घेऊन मी खोल बर्फात गेले तर कंबरेपर्यंत आत जाईन. माझ्या मागे बारा माणसं असणार आहेत. कळतंय का?"

"वजनबिजन आमच्याकडे नाही बघत," मुळ्ये म्हणाले. "आमच्याकडे ठोसर सरांचा नियम चालतो."

"कुणाचा?"

मुळ्यांनी पेन्सिलीने भिंतीवरची फ्रेम दाखवली. फ्रेमला झेंडूचा हार होता. आत खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर काळ्या मार्करने लिहिलेलं: 'बोर्ड उभा धरा. टोक हनुवटीला टेकलं पाहिजे. ठोसर.'

अक्षर तिचंच होतं. अकरा वर्षांपूर्वी, सहाव्या हिवाळ्यात, एका सकाळी बत्तीस नवशिके एकदम आले होते आणि ऊन चढायच्या आत सगळ्यांना बोर्ड वाटायचे होते. प्रत्येकाचं वजन विचारत बसायला वेळ कुठला? तिने फळांच्या खोक्याचं झाकण फाडलं, त्यावर ही ओळ खरडली आणि तो पुठ्ठा बोर्ड ठेवायच्या झोपडीच्या दाराला टांगला. खाली आणखी एक ओळ होती: 'हे फक्त पहिल्या दिवसापुरतं. उद्या वजन सांगा.' ती ओळ इथे नव्हती.

"खालची ओळ कुठाय?"

"फ्रेममध्ये बसत नव्हती. कापली."

"कापली! अहो, तीच तर खरी होती! हे मी लिहिलंय. घाईघाईत, नवशिक्यांसाठी. ठोसर म्हणजे मी!"

मुळ्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. उद्धटपणाने नाही, अगदी नेमस्तपणे, कापड बघावं तसं.

"सर चांगले उंच आहेत म्हणे, मॅडम."

"मग मी काय बुटकी आहे?"

"आत्ता नाही," मुळ्ये म्हणाले, आणि बूट आणायला आत गेले.

वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हाच निघून जायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण स्वतःचंच अक्षर, स्वतःचंच नाव, आणि त्याला हार घालून हे लोक तिलाच अक्कल शिकवतात? ती इरेला पेटली. पेटलेलं माणूस दाराकडे बघत नाही.

मुळ्यांनी आठ नंबरचे बूट आणले. तिला सहा लागायचे.

"थंडीत दोन-दोन मोजे घालावे लागतात ना," मुळ्ये म्हणाले.

"मोजा एकच घालायचा. बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि टाच जागची हलता कामा नये. टाच उचलली गेली की बोर्ड ऐकत नाही. हे मी पोरासोरांना पहिल्या तासाला शिकवते."

"सरांनी दोन नंबर मोठेच घेतलेत. अगदी परफेक्ट बसलेत."

"मस्त ढगळ आहेत," कुंभोजकरांनी दुजोरा दिला.

त्यांना दाखवून द्यावं म्हणून वृंदाने आठ नंबरात पाय घातला. "हे बघा, आत पाय कसा लोळतोय," असं ती म्हणणार होती. पण पाय लोळला नाही. बूट गच्च बसला होता. तिने तो ओढून काढला, तेव्हा आतून आठ नंबरचा पाय बाहेर आला. रुंद, बोटं लांब, आणि अंगठ्याचं नख, जे चौथ्या हिवाळ्यात कायमचं काळं पडलं होतं, ते लख्ख गुलाबी. ती त्या पायाकडे बघत राहिली. कुंभोजकर बाकावर बसून स्वतःचे मोजे बदलत होते आणि त्यांच्या अंगठ्याचं नख काळं दिसत होतं.

"हे काय केलंत?"

"बसवून दिला," मुळ्ये म्हणाले. आणि तिला काही कळायच्या आत त्यांनी मागून तिच्या पाठीत एक धक्का दिला.

ही या धंद्यातली जुनी रीत आहे. नवशिक्याला बेसावध असताना मागून हलकंच ढकलायचं. तोल सावरायला जो पाय पुढे येतो, तो बोर्डावरही पुढे ठेवायचा. वृंदाने शेकडो जणांना असं ढकललं होतं. पण विचारून. आणि तिला स्वतःला सतरा वर्षांत कुणाची ढकलायची बिशाद झाली नव्हती. तिचा उजवा पाय पुढे आला.

"उजवा?" मुळ्यांच्या कपाळाला आठी पडली. "लेडीजचा डावा येतो."

"माझा उजवाच येतो! सतरा वर्षं उजवाच येतोय! आणि परत अंगाला हात लावलात ना, तर याद राखा!"

मुळ्यांनी कानावरची पेन्सिल काढून कागदावर 'डावा' असं लिहिलं. वृंदाने खाली पाहिलं तर डावा पाय पुढे होता. तिने तो मागे घेतला. तो तरीही पुढेच होता.

आता मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दुकानाच्या मधोमध माप घ्यायचे दोन खांब होते, शाळेत उंची मोजायला असतात तसे: उभी पट्टी आणि डोक्यावर टेकणारी सरकती फळी. दोन्ही फळ्यांना मिळून एकच दोर, तो छतावरच्या कप्पीवरून गेलेला. एक फळी खाली आली की दुसरी वर जायची. कुंभोजकर एका खांबाला जाऊन उभेच राहिले होते, काळा बोर्ड शेजारी घेऊन.

"मोजा!" वृंदा ओरडली आणि पाय परत बुटांत खुपसून दुसऱ्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. "मोजाच एकदाचं! माझी हनुवटी एकशे अठ्ठेचाळीसला आहे. तुमच्याच पट्टीवर बघा, तुमच्याच नियमाने बघा, आणि मग हा गुलाबी पाट उचलून आत ठेवा!"

खांबाच्या बुडाशी पावलं अडकवायचे दोन पट्टे होते, बोर्डावर असतात तसेच. ते बांधायला तिला कुणीही सांगितलं नाही. पण सतरा वर्षांची सवय. पट्टे दिसले की हात आपोआप खाली जातात. तिने वाकून दोन्ही पट्टे खटखट आवळले आणि ताठ उभी राहिली. मुळ्यांनी गुलाबी बोर्ड तिच्या शेजारी उभा केला. तो जेमतेम काखेपर्यंत आला.

"बघा," ती विजयाने म्हणाली.

"एकशे अठ्ठेचाळीस," मुळ्ये म्हणाले. "म्हणजे सतरा जास्त आहेत." त्यांनी फळीवर तळहात ठेवला आणि दाबला.

टक.

दुखलं नाही. डोक्यावर कुणी उशी ठेवावी तसं वाटलं. हनुवटी एकशे सत्तेचाळीसवर आली. पलीकडे कप्पी करकरली आणि कुंभोजकर एक सेंटिमीटर वर गेले.

"धुकं काय होतं हो मागच्या वर्षी," कुंभोजकर म्हणाले. "हात पुढे केला तर दिसत नव्हता. शिट्टीच्या आवाजावर पाच जणांना खाली आणलं मी."

वृंदा त्यांच्याकडे बघत राहिली. धुकं? मागच्या वर्षी ती कुठे होती, हे तिला आठवेना. पुण्यातच असणार. घरी.

"हे माझं आहे," ती म्हणाली. काय आपलं आहे, ते तिला सांगता येत नव्हतं, पण आपलं आहे एवढं नक्की कळत होतं. ओळखीच्या बाईच्या अंगावर आपली हरवलेली साडी दिसली की कळतं ना, तसं. "मुळ्ये, थांबवा हे! तो माणूस माझं बोलतोय!"

"माप घेताना हलू नका, मॅडम. दोर एकच आहे, दोघांचं बिघडेल."

टक. टक. टक. मुळ्ये घाई करत नव्हते. प्रत्येक सेंटिमीटरनंतर ते थांबायचे, पट्टीवर वाकून बघायचे आणि फळीवर साचलेला बर्फ फुंकून टाकायचे. कामात चोख माणूस. त्याचाच जास्त संताप येत होता. वृंदाच्या पँटचे पाय घोट्यापाशी गोळा व्हायला लागले. दाराची वरची कडी, जी मघाशी तिच्या डोळ्यांसमोर होती, ती आता उंच दिसत होती. भिंतींवर टांगलेले बोर्ड तिच्या बाजूला झुकल्यासारखे वाटत होते.

"सोडा मला!" ती पट्टे काढायला वाकली. डाव्या पायाच्या पट्ट्याला एक छोटी पकड होती, ती एका विशिष्ट दिशेने उचलली की पट्टा सुटायचा. कुठल्या दिशेने? तिने वर ओढली, बाजूला ओढली, नखं तुटेपर्यंत ओढली. या जातीचे पट्टे तिने दहाव्या हिवाळ्यात पहिल्यांदा वापरले होते, आणि दहावा नुकताच गेला होता.

"ती पकड आतून बाहेर उचलायची," कुंभोजकर वरून म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. मदतच करत होता. "नव्या लोकांना नाही जमत पटकन. तुम्ही आता राहू द्या, मुळ्ये काढून देतील शेवटी. घाबरू नका हां, ताई."

"मी घाबरले नाहीये, मूर्खा!"

"कळतं हो मला. पहिल्यांदा सगळ्यांनाच राग येतो."

टक.

टक.

हनुवटी एकशे छत्तीसवर आली. वृंदाची नजर समोरच्या फ्रेमवर गेली. हार घातलेली फ्रेम, आत पुठ्ठा, त्यावर कुणाचं तरी घाईतलं अक्षर. ती ते वाचत राहिली.

"हे ठोसर सर कोण?" तिने विचारलं.

मुळ्यांनी पलीकडच्या खांबाकडे पाहिलं. तिथे एक भरदार, उंच गृहस्थ उभे होते, काळा बोर्ड त्यांच्या हनुवटीच्या जवळ येत चालला होता. पायांतले बूट त्यांना आता अगदी बेताचे झाले होते.

"मीच," कुंभोजकर संकोचाने म्हणाले. "बत्तीस जण होते त्या दिवशी. फळांच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि लिहिलं. एवढं काही नाही त्यात."

"सर, तुम्ही?" मुळ्यांनी हात जोडले. "आधी बोलला नाहीत!"

"अहो, राहू द्या."

वृंदाला यातलं काही लागलं नाही. लागायला आत काही शिल्लकच नव्हतं. पण राग होता. तो एक सेंटिमीटरसुद्धा कमी झाला नव्हता. सगळाच्या सगळा आत होता आणि अंग लहान झाल्यामुळे दाटीवाटीने बसला होता. कशाचा राग, ते कळत नव्हतं. छातीत, गळ्यात, दातांच्या मुळाशी. त्याचं काय करावं, ते तिला सुचेना.

टक, पाचवा हिवाळा गेला. टक, चौथा. तिसरा. दुसरा. कुंभोजकर बोलत होते, कडेवर वळायचं कसं, गुडघे कुठे ठेवायचे, वारा सुटला तर काय करायचं. मुळ्ये ऐकता ऐकता मान डोलावत होते आणि फळी दाबत होते. हनुवटी एकशे बत्तीसवर होती. गुलाबी बोर्डाचं टोक तिच्या हनुवटीच्या खाली एक बोट राहिलं होतं.

आत फक्त पहिला हिवाळा उरला. त्यात कौशल्य असं काहीच नव्हतं. एक शिबिर होतं, अकरा पुरुष आणि ती. शिबिराचे प्रमुख तिच्याकडे बघून म्हणाले होते, 'ताई, तुम्ही चहाच्या तंबूत थांबा. वर वारा फार आहे.' आणि तिने उसना बोर्ड खांद्यावर टाकून, गुडघाभर बर्फातून, एकटीने तीन तास चढून ती टेकडी गाठली होती. वर पोचल्यावर तिला बोर्डावर उभंही राहता आलं नाही. ती बसून, पडून, लोळत खाली आली होती. पण चढली होती ती निव्वळ संतापाने, आणि तो संताप हिवाळ्याच्याही आधीचा होता.

"शेवटचा," मुळ्ये म्हणाले. "आता अजिबात हलू नका. झालंच." त्यांनी फळीवर तळहात ठेवला.

वृंदाने ओरडायला तोंड उघडलं.

मुळ्यांचा हात थांबला. ते वाकून पट्टी बघायला लागले. मग बोर्डाचं टोक बघितलं, मग तिची हनुवटी. हनुवटी टोकाच्या खाली गेली होती.

"मॅडम, तोंड मिटा. माप चुकतंय."

तिने मिटलं नाही. तिच्यात आता फारसं काही उरलं नव्हतं, पण एवढं समजण्याइतकी ती शिल्लक होती.

"हनुवटी एकशे तीसला जातेय," मुळ्ये चिंतेने म्हणाले. "एक कमी पडतंय." आणि नियम म्हणजे नियम, कामात चोख माणूस. त्यांनी फळी एक घर वर सरकवली.

टक.

दोर उलटा फिरला. कप्पी करकरली. दुसरा हिवाळा आला: दोन्ही गुडघ्यांवरच्या जखमा, आणि एका दुपारी, पंचवीस पावलांएवढ्या अंतरात, न पडता घेतलेलं पहिलं वळण.

"मी काय सांगत होतो?" कुंभोजकर म्हणाले. "गुडघे... गुडघे कुठे..."

ती वाढली तशी हनुवटी परत टोकाशी आली. वृंदाने तोंड आणखी उघडलं. आता आवाजही फुटला होता: सरळ, लांबलचक 'आ', ज्याने काउंटरवरचं प्लॅस्टिक थरथरायला लागलं. त्या आवाजात शब्द नव्हते. शब्द बोलायचा तर तोंड मिटावं लागतं, आणि मिटलं की फळी खाली येणार, हे तिला पक्कं कळलं होतं.

टक. तिसरा. टक. चौथा, आणि बुटात अंगठ्याचं नख ठणकायला लागलं.

"मुळ्ये, अहो, हे काय चाललंय?" कुंभोजकरांचा आवाज पातळ झाला होता. "मला खाली ओढतंय कुणीतरी. त्या बाईंना गप्प करा ना."

"मॅडम, प्लीज. इतर गिऱ्हाइकांना त्रास होतो."

टक. पाचवा. जबड्याच्या सांध्यात, कानाखाली, काहीतरी कडकडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने बोटं घालून खालचा जबडा धरला आणि स्वतःच्या हाताने खाली ओढला.

टक.

सहावा आला. बत्तीस नवशिके, चढत चाललेलं ऊन, फाटलेल्या पुठ्ठ्याचा वास. समोरच्या फ्रेममधलं अक्षर कुणाचं, ते तिला लख्ख कळलं. पुढची ओळ काय होती, तेही आठवलं. तिला ते ओरडून सांगायचं होतं, त्या दोघांच्या कानात ओतायचं होतं: ठोसर म्हणजे मी, मी, मी. पण नाव घ्यायला ओठ हलवावे लागले असते.

हनुवटी बोर्डाच्या टोकाशी टेकलेली होती. अकरा हिवाळे अजून पलीकडच्या खांबाला उभे होते आणि जबडा याच्यापुढे उघडत नव्हता. ती दोन्ही हातांनी तो खाली ओढत होती. 'आ' बारीक होत चालला होता. श्वास संपत आला होता, आणि मुळ्ये फळीवर तळहात ठेवून, पट्टीवर नजर लावून, ती तोंड मिटायची वाट बघत उभे होते.